यात्रेतला पाळणा: पहिलं तिकीट फाडण्याआधीची तपासणी

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. पाठोपाठ बहिरमची यात्रा, महाशिवरात्रीला मार्कंडा नि आंभोरा, चैत्रात चंद्रपूरची महाकाली. तोच आकाशपाळणा, तोच ब्रेकडान्स, तीच ड्रॅगन गाडी ट्रकवर लादून या गावाहून त्या गावाला जाते. शहरातल्या पार्कात यंत्र एकदा काँक्रीटवर बसलं की वर्षानुवर्षं तिथंच असतं. यात्रेतलं यंत्र दर मुक्कामी सुटं होतं आणि पुढच्या गावी घाईघाईनं, बहुतेकदा रात्रीच्या उजेडात पुन्हा जोडलं जातं. त्यामुळे ‘माल कंपनीचा आहे’, ‘यंदाच घेतला’ याला फारसा अर्थ नाही. या गावात, या मातीवर, या खेपेला ते कसं जोडलंय एवढंच पाहायचं असतं.

ग्रामपंचायत, यात्रा समिती आणि पाळणा चालवणारे, तिघांनाही हे करता येतं. लागतं ते लेव्हल, पाना, टॉर्च, पांढरा ऑइल पेंट, वजनकाटा आणि एक अख्खी दुपार. इंजिनीअरच्या फिटनेस प्रमाणपत्राची जागा ही तपासणी घेत नाही. पण प्रमाणपत्रावर सही झाल्यानंतर गळालेली पिन इथंच सापडते.

कागद: तारीख आणि ठिकाण पाहा

परवानगीच्या फायलीत फिटनेस प्रमाणपत्र असतंच. त्यावर तीन गोष्टी बघा: यंत्राच्या पाटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच आहे का, तपासणीचं ठिकाण आपलंच गाव आहे का, आणि तारीख यंत्र उभं झाल्यानंतरची आहे का. मागच्या गावातलं प्रमाणपत्र मागच्या गावातल्या जोडणीचं असतं, ते इथं चालत नाही. यंत्र ट्रकवरच असताना दिलेला फिटनेस कागद सरळ परत करा. विम्याची मुदत यात्रेच्या शेवटच्या दिवसापलीकडे हवी. यात्रा दोन दिवस वाढते नि विमा आधीच संपलेला असतो, हे नेहमीचं आहे.

जागा: काळ्या मातीचा खेळ

विदर्भात निम्मी लढाई इथंच असते. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते. तिला भेगा पडतात आणि बघणाऱ्याला वाटतं, यापेक्षा पक्की जमीन कुठली? एक अवकाळी सर पडली की तीच माती फुगते, मऊ होते आणि एका पायाखाली दोन बोटं खचते. साठ फुटी पाळण्याचा पाया एका बाजूनं दोन बोटं खचला तर माथा किती झुकेल, याचा हिशोब सोपा आहे. पायांमधलं अंतर १५ फूट आणि उंची ६० फूट असेल तर माथा चौपट, म्हणजे आठ बोटं सरकतो. सगळं वजन मग खचलेल्या पायावर जातं नि तो आणखी खचतो.

पायाखालच्या पाटाचं क्षेत्रफळ असं काढा. माणसांसकट यंत्राचं वजन १० टन आणि पाय चार असले तर एका पायावर अडीच टन. वारा आणि एका बाजूला बसलेली माणसं धरून ते दुप्पट समजा, म्हणजे ५ टन. ओल्या काळ्या मातीवर एका चौरस मीटरला ५ टनांपेक्षा जास्त भार धरू नये. म्हणजे प्रत्येक पायाखाली किमान १ मीटर बाय १ मीटरचा पाट हवा. लाकडी रेल्वे स्लीपरचे मीटरभर लांबीचे चार तुकडे शेजारी शेजारी आणि त्यांच्यावर आडवा दुसरा थर, एवढं पुरतं. विटा, फरशीचे तुकडे, रिकामे पिंप, एकावर एक रचलेले दगड यांतलं काहीही चालणार नाही. वीट दाबानं फुटते आणि फरशी मधोमध तडकते.

आधी वरची भुसभुशीत माती वीतभर खरवडून काढा, मुरूम टाकून धुम्मसनं ठोका, मग स्लीपर बसवा. चारही पाय पाण्याच्या लेव्हल पाइपनं एका पातळीत आणा. प्रत्येक पायाशेजारी, फूटभर अंतरावर, जमिनीत खुंटी ठोका आणि तिची उंची पायावर रंगाच्या रेघेनं नोंदवा. रोज संध्याकाळी सुरू करण्याआधी ही रेघ पाहायची. सरकली असेल तर त्या दिवशी पाळणा बंद.

मार्कंड्यासारख्या ठिकाणी यात्रा नदीकाठी भरते. वाळूवर पाट आणखी मोठा लागतो आणि गर्दीच्या पायांनी कडेची वाळू उकरली जाते, म्हणून पाटाभोवती पोती रचून ती बांधून घ्या. शेताच्या बाजूला नाली किंवा विहीर असेल तर तिच्यापासून लांब राहा. विजेच्या तारांपासून यंत्राच्या उंचीपेक्षा जास्त अंतर ठेवा. आडवा झालाच तर पाळणा तारांवर पडता कामा नये. अकरा केव्हीच्या लाइनखाली ‘तार तर वरून जाते’ म्हणून जागा देणारी समिती पुढचा त्रास स्वतः ओढवून घेते.

पिन, बोल्ट, तार

पाळण्याचा डबा ज्या पिनवर लटकतो, ती पिन बाहेर येऊ नये म्हणून टोकाला स्प्लिट पिन असते. दहा-वीस रुपयांची ही वस्तू सगळ्यात जास्त वेळा चुकीची सापडते. कुठं तिच्या जागी खिळा वाकवलेला असतो, कुठं बाइंडिंग तार गुंडाळलेली, कुठं जुनीच पिन चौथ्यांदा सरळ करून घातलेली. वाकवून सरळ केलेल्या पिनेचं पोलाद कमकुवत होतं आणि एका रात्रीत तिचं टोक गळतं. नियम एकच: दर जोडणीला नवी स्प्लिट पिन, दोन्ही पाय विरुद्ध बाजूंना पूर्ण वळवलेले. डबे किती, पिना किती, हे मोजून रजिस्टरमध्ये लिहा.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो. आकडा नसलेला बाजारू बोल्ट सांगाड्याच्या मुख्य सांध्यात नको. २० मिलिमीटरचा ८.८ ग्रेडचा कोरडा बोल्ट साधारण ४०० न्यूटन-मीटरपर्यंत कसावा लागतो, म्हणजे दोन फुटी पान्याच्या टोकावर अंदाजे ६५ किलोचा जोर. बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. कसून झाल्यावर नट, बोल्ट आणि पत्रा या तिघांवरून पांढऱ्या पेंटची एकच सलग रेघ ओढा. उद्या रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. हा उपाय इतका स्वस्त आहे की न करण्याला सबबच नाही. नायलॉन रिंगवाले नट हातानं सहज फिरू लागले की फेकून द्यायचे.

ताणाच्या वायर रोपला यू-क्लिप लावताना निम्मे लोक उलट लावतात. क्लिपचा खाचेचा भाग भार घेणाऱ्या लांब तारेवर बसला पाहिजे आणि यू-बोल्ट परत आलेल्या आखूड शेपटीवर. उलट लावलं की यू-बोल्ट भार घेणारी तार चेंगरतो आणि तिची ताकद बरीच उतरते. १२ मिलिमीटर तारेला किमान तीन क्लिपा, दोन क्लिपांत सुमारे ७५ मिलिमीटर अंतर. पहिला भार आल्यावर तार बारीक होते, म्हणून तासाभरानं त्याच क्लिपा पुन्हा कसायच्या. चालत्या वायर रोपचा एक पूर्ण पीळ, म्हणजे एका लडीचा तारेभोवतीचा एक वेढा, तपासा. त्यात सहा धागे तुटलेले असतील, किंवा एकाच लडीत तीन, तर तार बदला. टोकाच्या क्लिपजवळ तुटलेला धागा दिसला तर तेवढा भाग कापून टोक नव्यानं बांधा. तार नेहमी टोकाशी आणि पुलीवरून वळते तिथं मरते. मधला चकचकीत भाग बघून कोणी समाधान मानू नये. तपासताना जाड हातमोजा घाला आणि तारेवर चिंधी फिरवा. जिथं चिंधी अडकेल तिथं तुटका धागा असतो.

वेल्डचा तडा आणि नळीच्या आतला गंज

१४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ लोलकासारखा झुलणारा झोका मुख्य दांड्यातून मोडून खाली आला. दोघे गेले, २९ जखमी झाले. लोखंड एका मोठ्या झटक्यापेक्षा रोजच्या उलटसुलट ताणानं जास्त तुटतं. कुंपणाची तार हातानं दोन्हीकडे वाकवत राहिलं की तुटते, तसंच. कोलंबस नावेचा दांडा दर झोक्याला एकदा इकडे, एकदा तिकडे ओढला जातो. रात्रीत असे हजारो फेरे होतात.

तडा कुठं शोधायचा? वेल्डच्या कडेला, जिथं वेल्ड संपून साधा पत्रा सुरू होतो. बोल्टाच्या भोकाभोवती. सीटचा हात मुख्य दांड्याला मिळतो त्या कोपऱ्यात. रंगाखालून आलेला गंजाचा तांबूस ओघळ म्हणजे आत पाणी शिरतंय, आणि बहुतेकदा तिथं तडा असतो. शंका आली की डाय पेनिट्रंट चाचणी करा. तीन स्प्रे डब्यांचा संच वेल्डिंगच्या मोठ्या दुकानात मिळतो. पद्धत अशी:

१. रंग आणि तेल काढून जागा क्लीनरनं कोरडी पुसा. घासताना तडा बुजेल असा ग्राइंडर मारू नका.
२. लाल द्रव फवारून १० ते १५ मिनिटं थांबा.
३. वरचा लाल रंग कापडानं पुसून घ्या. क्लीनर कापडावर घ्यायचा, थेट जागेवर फवारायचा नाही, नाहीतर तड्यातला रंगही धुऊन जातो.
४. पांढरा डेव्हलपर फवारा. काही मिनिटांत लाल बारीक रेघ उमटली तर तडा आहे.

तडा सापडला की ते यंत्र त्या यात्रेत बंद. गावातल्या गेट-ग्रिलवाल्याकडून वर दोन टाके मारून घेणं हा सगळ्यात घातक उपाय. वेल्डच्या उष्णतेनं शेजारचं पोलाद ठिसूळ होतं आणि तडा दोन इंच बाजूला नव्यानं फुटतो. एकाच सांध्यावर ताजा रंग आणि बाकी सगळं जुनं, असं दिसलं तर तिथला रंग खरवडायला सांगा. पाळणेवाला कुरकुर करेल, करू द्या.

नळीच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही. २६ जुलै २०१७ रोजी अमेरिकेत ओहायोच्या राज्य जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या झोक्याची सीट भर वेगात तुटून पडली. यंत्र १८ वर्षांचं होतं, तपासणीत पास झालेलं होतं. आधाराची पोकळ तुळई आतून गंजून पातळ झाली होती. आपल्याकडे यंत्र पावसाळाभर उघड्यावर पडून असतं आणि नळीत पाणी साचतं. पोकळ दांड्याच्या सगळ्यात खालच्या टोकाला ८ ते १० मिलिमीटरचं भोक हवं, ते गंजानं किंवा रंगानं बुजलेलं नसावं. हातोडीनं नळी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. ठणठण वाजता वाजता एखाद्या जागी बद्द आवाज आला तर तिथं अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावायला इंजिनीअरला सांगा.

सुरक्षा यंत्रणा आहे का, हे विचारू नका. बंद पाडून पाहा

२३ मे २०२१ रोजी इटलीतल्या मोत्तारोने डोंगरावरच्या रोपवेची ओढणारी तार टोकाजवळ तुटली. अशा वेळी डब्याचा आपत्कालीन ब्रेक जाड आधारतारेला आपोआप पकडतो. तो पकडू नये म्हणून त्यात लोखंडी चिमटे अडकवून ठेवले होते, कारण तो वारंवार विनाकारण लागत होता नि सेवा थांबत होती. १४ माणसं गेली. यात्रेत हेच लहान प्रमाणावर रोज होतं. यंत्र हद्दीबाहेर गेलं की थांबवणाऱ्या लिमिट स्विचला जोडतार, दाराच्या कडीला चिकटपट्टी, सतत ट्रिप होणारा ब्रेकर थेट जोडलेला. त्रास देणारी सुरक्षा यंत्रणा दुरुस्त करायची असते. आपल्याकडे तिला ‘बायपास’ करणारा मेकॅनिक हुशार ठरतो.

चार चाचण्या रिकाम्या यंत्रावर, समितीच्या माणसासमोर:

एका सीटची मांडीवरची दांडी मुद्दाम उघडी ठेवा आणि चालू करायचं बटण दाबायला सांगा. यंत्र हललं तर इंटरलॉक (दांडी उघडी असताना यंत्र सुरूच होऊ न देणारी सोय) नाही किंवा जोडतार लावलेली आहे. इंटरलॉक मुळातच नसलेल्या जुन्या यंत्रावर प्रत्येक सीटला दुसरं स्वतंत्र बंधन (पट्टा किंवा कुलूपकडीची साखळी) हवं आणि ते तपासायला चालकाशिवाय वेगळा माणूस हवा.

पूर्ण वेगात लाल आपत्कालीन बटण दाबा. थांबायला किती सेकंद लागले ते लिहा. रोज तीच चाचणी. आकडा वाढत गेला तर ब्रेकचे लायनर झिजताहेत किंवा त्यांना तेल लागलंय. लाल बटण सोडल्यावर यंत्र आपोआप पुन्हा सुरू झालं तर वायरिंग चुकीचं आहे.

मेन स्विच बंद करा. चांगला ब्रेक स्प्रिंगनं लागतो आणि विजेनं सुटतो, म्हणजे वीज गेली की आपोआप पकडतो. वीज असेल तरच लागणारा ब्रेक उंचावर जाणाऱ्या यंत्राला नको. टॉवर झुल्याला ही चाचणी सक्तीची समजा. ४ सप्टेंबर २०२२ ला मोहालीत असा झुला सुमारे ५० फुटांवरून माणसांसकट थेट खाली आदळला होता.

तिसरी चाचणी झाली की हातानं सोडवणुकीची चाचणी. वीज नसताना सगळ्यात वरचा डबा खाली कसा आणणार, हे चालकाला करून दाखवायला लावा. ‘जनरेटर आहे ना’ हे उत्तर नापास.

वीज

थ्री-फेज लाइनवरून जनरेटरवर जाताना दोन फेज उलटे लागले तर मोटर उलटी फिरते. एक फेज गेला तर मोटर घुंघुं करत तापते. दोन्हींसाठी फेज प्रिव्हेंटर पॅनेलमध्ये हवा. रात्री आठच्या सुमारास अख्ख्या यात्रेचा भार चढला की व्होल्टेज पडतं, मोटरची वीज जोडणारा कॉन्टॅक्टर खडखडतो, ब्रेकची कॉइल अर्धवट उचलते आणि लायनर घासत राहतं. जळका वास आला की थांबा. अर्थिंग दोन वेगळ्या जागी, किमान दोन मीटर खोल. कोरड्या काळ्या मातीत त्या खड्ड्यात रोज दोन बादल्या पाणी टाकल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. झगमगाटाच्या दिव्यांना ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि त्याचं टेस्ट बटण रोज दाबा.

वाळूच्या गोण्यांची फेरी

माणूस बसण्याआधी वाळू बसते. युरियाच्या रिकाम्या गोण्या घ्या, पण भरगच्च भरू नका. ज्या गोणीत ४५ किलो युरिया मावतो तीत वाळू नव्वदच्या पुढे जाते. अर्धी गोणी भरून काट्यावर तोला, मोठ्या माणसामागे ७५ किलो धरा. सीटच्या क्षमतेइतक्या गोण्या दोरीनं बांधून सलग दहा फेऱ्या चालवा. थांबवून पांढऱ्या रेघा, स्प्लिट पिना, पायाच्या खुंट्या आणि बेअरिंगचा ताप पुन्हा पाहा. प्लमर ब्लॉकवर, म्हणजे बेअरिंगच्या घरावर, हात ठेववत नसेल तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग गेलंय.

चालवताना

पाळणा भरताना समोरासमोरचे डबे जोडीनं भरायचे. एका डब्यात सरासरी ६० किलोची चार माणसं म्हणजे सुमारे २४० किलो. ९ मीटर त्रिज्येच्या टोकावर ते वजन धुरीपासून मीटरभर लांब लटकवलेल्या दोन टनांहून जास्त भाराइतकं ओढतं. एकाच बाजूचे तीन डबे भरले की रिंगला घासून चाक फिरवणारं टायर घसरतं आणि चाक जड बाजूनं उलट गरगरतं. टायरला पाणी किंवा ग्रीस लागलं तरी हेच होतं, म्हणून दव पडलेल्या रात्री पहिल्या फेरीआधी टायर आणि रिंग कोरड्या कापडानं पुसा. उतरवतानाही तोच क्रम.

वेग मोजायला एका डब्याला लाल फडकं बांधा आणि मोबाइलवर मिनिट लावून फेरे मोजा. गर्दीत आरडाओरडा वाढला की चालक वेग वाढवतो. मिनिटाला १० चे १२ फेरे केले तर बाहेर फेकणारा जोर ४४ टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गानं चढतो.

वाऱ्याची मर्यादा यंत्राच्या पुस्तकात असेल ती पाळा. नसेल तर लहान झाडं बुंध्यासकट डोलू लागली की थांबवा; तोवर वारा ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. फेब्रुवारी ते एप्रिल विदर्भात गारपीट आणि वावटळ सांगून येत नाही. समितीतल्या एकाच्या मोबाइलवर ‘दामिनी’ ॲप सुरू ठेवा आणि वीज जवळ पडतेय असं दिसलं की डबे रिकामे करा. सरकारी सूचनेची वाट पाहत बसू नका.

ओढणी, साडीचा पदर आणि मोकळी वेणी यांसाठी बसण्याआधी एक माणूस नेमा. वेणी आंबाड्यात, पदर खोचलेला, नसेल तर सीट नाही. मुलाच्या उंचीची खूण खांबावर रंगवा आणि बापाच्या मांडीवर बसलेलं मूल हा अपवाद करू नका. दांडी बापाच्या पोटाला अडते आणि मूल सैल राहतं.

रोपवेत बसताना

गोंदिया-भंडाऱ्याकडची मंडळी छत्तीसगडातल्या डोंगरगडच्या बम्लेश्वरीला रोपवेनं चढतात, म्हणून एवढं सांगणं भाग आहे. रोपवेत प्रवाशाच्या हातात फार थोडं असतं. दार बाहेरून लागलं का ते बघायचं, ठरलेल्यापेक्षा एक जास्त माणूस आत घेऊ द्यायचा नाही, ट्रॉली झुलवायची नाही. झुललेली ट्रॉली खांबाला घासते आणि तार चाकांच्या रांगेतून निसटू शकते. ट्रॉली तारेला कायम आवळलेली असते त्या रोपवेत पकड ठरावीक दिवसांनी तारेवर पुढे सरकवावी लागते, नाहीतर तार एकाच जागी थकते. ही नोंद पाहायची जबाबदारी मंदिर समितीची, प्रवाशाची नव्हे.

मध्येच थांबली तर बसून राहा. १० एप्रिल २०२२ ला झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर माणसं दोन रात्री लटकली होती. तिथल्या तीन मृत्यूंपैकी दोन सोडवणुकीच्या वेळी हेलिकॉप्टरच्या दोरावरून पडून झाले. वर जाताना पाण्याची बाटली, पोराला खायला काही आणि चार्ज असलेला मोबाइल एवढं जवळ असू द्या.

अडकला किंवा पडला तर

पाळणा अडकला तर आधी खालची गर्दी यंत्राच्या उंचीइतकी लांब करा. मग मेन स्विच बंद करून चालक हातानं, समोरासमोरच्या क्रमानं डबे खाली आणेल. कोणीही सांगाड्यावर चढून वरच्यांना ओढायचं नाही. १०८ ला फोन करताना ‘यात्रेत’ एवढं सांगून भागत नाही, गाडी कुठल्या रस्त्यानं आत येईल ते सांगा. तो रस्ता दुकानांनी अडू नये म्हणून पहिल्याच दिवशी चुन्यानं आखून ठेवायचा.

जखमीला मान-पाठ न वाकवता पाटावर घ्या. यंत्राला हात लावू नका: तुटलेली पिन, बोल्ट, तारेचं टोक पडलं तिथंच राहू द्या, फोटो काढा, पोलीस येईपर्यंत दोरी बांधून जागा राखा. रात्रीतून यंत्र सुटं करून ट्रक निघाला तर पुढच्या गावाला तोच तडा मिळतो.

उतरवताना

शेवटच्या रात्री सगळ्यांना घाई असते आणि पुढच्या गावातला बिघाड इथंच तयार होतो. पिना आणि बोल्ट एकाच पोत्यात कोंबू नका. सांध्यानुसार वेगळे डबे, डब्यावर क्रमांक. वाकलेली, खोबणी पडलेली पिन लाल रंगवून वेगळी टाका, म्हणजे अंधारात कोणी पुन्हा घालणार नाही. वायर रोप चिखलातून ओढू नका, गुंडाळीवर गुंडाळा. कुठली पिन, कुठलं बेअरिंग इथं बदललं ते रजिस्टरमध्ये लिहून समितीची सही घ्या आणि एक प्रत पाळणेवाल्याकडे द्या. पुढच्या गावच्या सरपंचाचा फोन आला तर पहिलं पान तेच वाचून दाखवायचं.